आपल्याकडची थंडी जलरंगात आणायची कशी? (चित्र टाकलंय, बिनधास्त झोडा)

ओला_कागद | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे इथे, पहिलाच धागा, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की लॉकडाऊनमध्ये जलरंग सुरू केले, शाळेत इंटरमिजिएटला बी ग्रेड होती एवढंच भांडवल. यूट्यूबवर बघून बघून हात बरा बसला. पण तिथे हिवाळा म्हटलं की बर्फ, लाल छपराचं घर, काटक्या झालेली झाडं आणि एक कुंपण. तसली पंधरा-वीस चित्रं काढली असतील मी. बायको म्हणाली तू कधी बर्फ बघितलायस का. नाही बघितला. मग म्हटलं आपल्या गावचा हिवाळा काढू. गाव करवीर तालुक्यात, मळ्यातून समोर ज्योतिबाचा डोंगर दिसतो, मधे ऊस, थोडा शाळू, बाजूला चुलत्यांचं गुऱ्हाळ. डिसेंबरात गेलो होतो तेव्हा सकाळी साडेसातला मोबाइलवर फोटो काढलेले, ते समोर ठेवून पुण्यात घरी बसून काढलं.

चित्र जोडलंय. पाव शीट, ११ बाय १५ इंच. मागे डोंगर, मधे धुक्याचा पट्टा, डावीकडे गुऱ्हाळाची चिमणी आणि धूर, पुढे बांध, बांधावर दोन बाभळी, त्यांच्या लांब सावल्या पुढच्या वाफ्यात आल्यात.

अडचण अशी आहे की चित्र वाईट नाही पण त्यात थंडी नाही. आईला दाखवलं तर म्हणाली "छान हाय की, पाऊस उघडलाय व्हय?" मी गप्पच. बर्फ असता तर काही सांगावं लागलं नसतं. आपल्याकडे सगळं हिरवंगार असतं, मग बघणाऱ्याला हिव वाजलं पाहिजे ते कशानं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ | शनिवार, रात्री १०:५५

मस्तच! मला तर आवडलं. बाभळी भारी जमल्यात.

उगाच_एक | शनिवार, रात्री ११:२०

माणसांना कानटोप्या घाला, झाली थंडी. हाय काय नाय काय.

ओला_कागद | शनिवार, रात्री ११:३१

@उगाच_एक, माणूसच नाहीये चित्रात :) माणसं काढता येत नाहीत म्हणून तर निसर्गचित्रात आलो.

तिरपं_ऊन | रविवार, सकाळी ६:१५

चित्र दोनदा बघितलं, काल झोपताना आणि आत्ता चहा घेताना. रंग लावायची समज आहे तुमच्याकडे, डोंगराचा खालचा भाग धुक्यात विरघळवलाय तो सुरेख. पण एक विचारू का, राग मानू नका. ज्योतिबा तुमच्या मळ्यातून कुठल्या दिशेला?

ओला_कागद | रविवार, सकाळी ९:०२

वायव्येला सर. राग कसला, विचारा की.

तिरपं_ऊन | रविवार, सकाळी ९:२०

मग ऐका. डिसेंबरच्या शेवटी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतच नाही, कोल्हापुरात पूर्वेपासून २४-२५ अंश दक्षिणेला सरकून, म्हणजे जवळपास आग्नेयेला उगवतो. तुम्ही वायव्येला तोंड करून उभे. म्हणजे सकाळी साडेसातला ऊन तुमच्या पाठीवर. सावल्या तुमच्या पायापासून डोंगराकडे पळायला पाहिजेत, तुमची स्वतःची सावलीसुद्धा चित्रात आली पाहिजे. तुमच्या बाभळींच्या सावल्या बघणाऱ्याकडे आल्यात, म्हणजे सूर्य डोंगरामागे. असं ऊन तिथे फार तर जूनच्या संध्याकाळी मिळेल, आणि तेव्हा तिथे पाऊस असतो. तुमच्या आईंना पाऊस उघडल्यासारखं वाटलं ते उगाच नाही.

खरं सांगा, सावल्या कुठून घेतल्या?

ओला_कागद | रविवार, सकाळी ९:४१

पकडलं राव तुम्ही. फोटोत सावल्या नीट दिसत नव्हत्या म्हणून एका बर्फाच्या ट्युटोरियलमधनं उचलल्या. तिथे पुढे येणाऱ्या निळ्या सावल्या लई भारी दिसत होत्या. दंडवत घ्या.

मनमौजी_मी | रविवार, सकाळी ११:१०

अहो चित्र आहे की सर्व्हेचा नकाशा? कलाकाराला एवढंही स्वातंत्र्य नाही का, सूर्य कुठनं का उगवेना. असल्या धाग्यांवर कुणीतरी कंपास पेटी घेऊन येतंच.

तिरपं_ऊन | रविवार, सकाळी ११:३५

@मनमौजी_मी, स्वातंत्र्य आहेच. त्यांनी नुसता 'एक डोंगर' काढला असता तर मी चकार शब्द काढला नसता. त्यांनी स्वतःच्या मळ्यातला ज्योतिबा काढला आणि विचारलं की थंडी का लागत नाही. आपल्या भागात थंडी दाखवायची तर हातात आहे काय, ऊनच. वर्षातलं सगळ्यात तिरपं ऊन. या दिवसांत दुपारी बाराला पण सूर्य ५० अंशांच्या वर जात नाही, दिवसभर सावल्या उत्तरेला पडलेल्या असतात, घराच्या उत्तर भिंतीला ऊन लागतच नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ओटा कुठल्या बाजूचा ऊबदार ते बरोबर सांगतील.

मनमौजी_मी | रविवार, सकाळी ११:५०

बरं बरं. तलवार म्यान.

भूगोलाच्या_बाई | रविवार, दुपारी १:०५

कंपास पेटी निघालीच आहे तर मी पण माझी काढते :) तुमचा धूर बघा. चिमणीतून निघालाय आणि गोल गोल ढगासारखा वर वर गेलाय. हा उन्हाळ्यातल्या दुपारचा धूर आहे.

थंडीत निरभ्र रात्री जमीन भराभर उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते, आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. एरवी वर जाल तसं गार लागतं ना, त्याच्या उलट. धूर चिमणीतून गरम निघतो, थोडा वर चढतो, पण त्या उबदार थरापाशी आला की त्याला वर जायला जोरच उरत नाही, मग तो आडवा पसरतो. अगदी चादर अंथरल्यासारखा, कड सरळ रेघेत. गावाकडे पहाटे बघा, चुलींचा सगळा धूर घरांच्या थोडा वर एकाच पातळीला तरंगत असतो. ऊन तापलं, नऊ-साडेनऊ झाले, की तो थर मोडतो आणि धूर पुन्हा वर जायला लागतो.

तुमचं धुकंही याच कुळातलं. गार हवा जड, ती उताराने ओढ्याकडे नदीकडे वाहत जाऊन तळाला साचते. म्हणून डोंगराचा माथा स्वच्छ आणि पायथा गायब. हे तुम्ही बरोबर काढलंय, फक्त तुमचं धुकं सगळीकडे सारखंच आहे. सखल भागात दाट हवं, बांधाच्या उंचवट्यावर विरळ.

ओला_कागद | रविवार, दुपारी १:४०

बाई, फोटो मोठा करून बघितला, धूर खरंच आडवा आहे!! मी स्वतः काढलेल्या फोटोत आहे आणि मला दिसलाच नाही. मला वाटलं वारा असेल. आडवा बरा दिसत नाही म्हणून मीच उभा केला.

बर्फात_वऱ्हाडी | रविवार, रात्री ८:४८

धागा भारी रंगलाय. मी मूळचा अमरावतीचा, सध्या मिनेसोटात. इथे बर्फच बर्फ आहे बाप्पा, घेऊन जा पाहिजे तितका. इथल्या एका ग्रुपबरोबर बाहेर बसून चित्र काढायला जातो, उणे तापमानात पाण्याच्या डब्यात लोक व्होडका टाकतात, नाहीतर पाणी गोठून जाते. एकदा मी साधं पाणी नेलं तर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कागदावरच गोठला, पिसासारखी नक्षी उमटली आणि घरी येऊन वितळली तर सगळा राडा. चित्र गेलं, व्होडका मात्र उरली होती.

पण एक सांगतो, बर्फ काढणं आळशी काम आहे. कागद कोरा सोडला की झाला बर्फ. बघणाऱ्यालाही आधीच माहीत असते की बर्फ म्हणजे थंडी. तुमचं काम अवघड आहे न भाऊ, तुम्हाला हिरव्यात थंडी दाखवायची आहे.

आमच्या वऱ्हाडात तर अजून वेगळंच राह्यते. तुमच्यासारखं दाट धुकं क्वचित, थंडी कोरडी, तूर पिवळी-हिरवी फुलावर, कापसाची बोंडं फुटलेली. हवा इतकी स्वच्छ की लांबची झाडंही कडक दिसतात. ते काढायचं तर तुमचे हे मऊ काठ चालणार नाहीत. म्हणजे 'महाराष्ट्राचा हिवाळा' असा एक नाहीच.

द्राक्षवेल | रविवार, रात्री ९:१५

+१. आमच्या निफाडकडे या म्हणावं, पारा ३-४ वर उतरला की पहाटे बागेत शेकोट्या करतात, ड्रिपला पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. वेलींच्या मांडवाखाली धूर कोंडून राहिलेला असतो, बाईंनी सांगितला तोच प्रकार. बघायला सुंदर, पण बघायला वेळ कुणाला असतो.

कोरडा_ब्रश | सोमवार, दुपारी १२:३०

ऑफिसच्या लंच टाइममध्ये लिहितोय त्यामुळे तुटक.

कागद कुठला वापरलाय? फोटोत पोपडे आल्यासारखं दिसतंय. कमी जाडीचा असेल तर पाण्याने फुगतो, खड्ड्यात रंग साचतो. कॉटनचा जाड, ३०० जीएसएमचा घ्या, महाग आहे पण अर्धी चित्रं त्यानेच वाचतात. सरावाला पुण्यातल्या हातकागद संस्थेचा कागद पण वाईट नाही.

करडा रंग काळा मिसळून केलाय ना? मेलेला दिसतोय. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, निळा जास्त पडला तर गार करडा, सिएना जास्त पडला तर उबदार. आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात, तो दाणेदारपणा धुक्याला फुकटात मिळतो. पांढरा रंग तर अजिबात नको, धुकं पिठासारखं दिसतं.

उजवीकडे धुक्यात फ्लॉवरचं पीक आलंय :) ती फुलं उमटतात कारण पहिला वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याच्यापेक्षा ओला ब्रश टेकवला. कागद तिरपा धरून बघायचा, चकाकी आहे तोवर खेळा, चकाकी गेली आणि कागद नुसता गार लागतोय अशा वेळी हात मागे. पूर्ण वाळल्यावर पुन्हा पाणी फिरवून सुरू करा.

कपिलतीर्थावरचा | सोमवार, संध्याकाळी ७:०२

आमच्या कोल्हापूरचा धागा आणि आबालाल रहिमानांचं नाव अजून कुणी काढलं नाही? भावा, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जा आणि बघ. शाहू महाराजांच्या दरबारातला माणूस, जे. जे.त शिकून आला आणि परत येऊन कोटीतीर्थ, रंकाळा हेच रंगवत बसला. १९३१ ला गेले. साधं तळं न् झाडं, पण उजेड असा की सकाळ की संध्याकाळ विचारावं लागत न्हाई. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं पण संग्रहालय आहे, सिनेमातले तेच चंद्रकांत, त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघून तोंडात बोट घालशील.

अवांतर: जलरंगात उजेड म्हटलं की म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र. निम्मे लोक ते रविवर्म्याचं समजतात आणि उरलेले तैलरंगातलं. दोन्ही चूक. सावंतवाडीचा माणूस आणि जलरंग.

कोयत्याची_लेक | मंगळवार, रात्री १२:१०

लिहू की नको विचार करत होते. चित्र छान आहे दादा. तुमच्या चित्रात उजवीकडे उसाचा फड आहे, अर्धा तोडलेला दिसतोय. तोडला कुणी?

मी बीडकडची. माझे आईवडील पंधरा-सोळा वर्षं तुमच्या त्या भागात तोडीला येत होते, मी पण सहावीपर्यंत हंगामाला त्यांच्यासोबत असायचे. मला तुमच्याकडची थंडी अशी आठवते. पहाटे चार वाजता फडात शिरायचं, उसाच्या पानांवर रात्रभर दव साचलेलं असतं, पहिला ऊस धरून हलवला की ते सगळं अंगावर. पाऊस पडावा तसं. आई साडीवर बाबांचा जुना शर्ट घालायची, तो पहिल्या दहा मिनिटांत हातापासून खांद्यापर्यंत भिजायचा. मग दिवस वर येईपर्यंत तसंच ओलं. बोटं कोयत्यावर वळायची नाहीत म्हणून अधूनमधून काखेत धरायची.

आम्ही लहान पोरं कोपीत. कोपी म्हणजे पाचटाची खोपट. पहाटे बाहेर येऊन बघितलं की सगळ्या कोप्यांचे शेंडे पांढरे दिसायचे दवाने आणि पुढे विझत आलेल्या शेकोट्या. आठवण आहे म्हणून सांगितलं. टीका नाही, माणसं काढता येत नाहीत असं तुम्ही लिहिलंच आहे.

भूगोलाच्या_बाई | मंगळवार, सकाळी ७:४०

@कोयत्याची_लेक, इतकी वर्षं दव कसं पडतं ते शिकवते मी. भिजलेल्या शर्टाबद्दल कधीच बोलले नाही.

ओला_कागद | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, खरंय. फोटोत फडाच्या कडेला बैलगाडी होती आणि चार-पाच माणसं वाकलेली. मी ती गाळली. अवघड वाटली म्हणून.

शुक्रवारी रात्री गावाला जातोय. या वेळी फोटो नाही, तिथेच बसून काढतो. आल्यावर सांगतो.

उगाच_एक | मंगळवार, सकाळी ८:२०

कानटोपी विसरू नका.

ओला_कागद | सोमवार, रात्री ११:०५

आलो परत. लांबलचक लिहिणार आहे, ज्याला कंटाळा आला त्याने सरळ चित्र बघावं, खाली जोडलंय.

शनिवारी पहाटे सहाला उठून बांधावर गेलो. आईला वाटलं पोराला लागलंय काहीतरी. बोर्ड, कागद, पाण्याची बाटली, दोन डबडी आणि घोंगडं. साडेसहाला उजाडायला लागलं, सूर्य सातच्या पुढे आला. आधी सवयीने ज्योतिबाकडेच तोंड करून बसलो. सर म्हणाले तसं झालं, ऊन आलं तशी माझीच सावली, घोंगड्यासकट, पार दहा वाफे पुढे पडली, एखादा राक्षस बसल्यागत. डोंगर स्वच्छ, सगळे रंग जिथल्या तिथे, छान छान. पण पाठ शेकत होती हो! थंडी कुठनं दिसणार, मी उन्हात शेकत बसलेलो. मग सतरंजी उचलली आणि उलटा बसलो, आग्नेयेकडे तोंड, गुऱ्हाळ समोर.

आणि काय सांगू. चाळीस वर्षं तो मळा बघतोय. उसाला तुरे आलेत सध्या. एरवी राखाडी-जांभळट वाटतात, बघावंसं पण वाटत नाही, उलट तुरा आला की वजन घटतं म्हणून चुलते शिव्या घालत असतात. पण मागनं ऊन आलं आणि तुऱ्यांवर दव, सगळा फड वरून चांदीचा झाला. खाली ऊस मात्र काळपट निळा, हिरवा नाहीच. हिरवा रंग ट्यूबमधून बाहेर काढायची वेळच आली नाही मला, गवतसुद्धा दवाने राखाडी पांढरं दिसत होतं, आणि जिथून म्हैस गेली तिथे एक गडद हिरवी वाट उमटलेली. ती वाट काढली आहे, चित्रात डावीकडे खाली बघा, तेवढी एकच जागा हिरवी आहे.

आता फजिती. पहिला वॉश टाकला, पाणी मारून सगळं ओलं, वरनं सिएना पातळ, खाली अल्ट्रामरीन. आणि वाळेचना. पुण्यात घरी दहा मिनिटांत वाळतं, इथे पाऊण तास झाला तरी चकाकी तशीच. धुक्यात बसलोय तर हवा पाण्याने भरलेली, वाळणार कुठे ते. कोरडा_ब्रश यांचं 'चकाकी जाऊ दे' आठवत मी ब्रश काखेत धरून बसलो, तेवढ्यात कोयत्याची_लेक ताईंचं काखेत बोटं धरायचं आठवलं आणि मग काय ते लिहीत नाही. शेवटी गुऱ्हाळात गेलो आणि चुलवाणापासून चार हातांवर बोर्ड धरला. तिथे दोन मिनिटांत वाळलं, पण एका कोपऱ्यात राख उडून बसली. ती तशीच आहे, झटकायला गेलो असतो तर फासली असती.

धूर आडवा. बाई, रेघ मारल्यासारखा आडवा! चिमणीच्या वर जेमतेम चढतो आणि ओढ्याकडे लांबच्या लांब पसरतो, आणि त्याच्या मागनं ऊन, त्यामुळे वरची कड पिवळी आणि पोट निळसर. तो एकाच फटक्यात काढला, ओल्यावर, रुंद ब्रशने. चित्रात मला स्वतःला आवडलेली जागा तीच.

तुरे मात्र जमेनात. आधी रंग सोडून कोरा कागद ठेवायचा प्रयत्न केला, ते दातांच्या ब्रशसारखे दिसायला लागले. शेवटी सगळं वाळल्यावर जुन्या ब्लेडच्या टोकाने खरवडले. कागद कॉटनचा होता म्हणून टिकला.

आणि माणसं. फडात आठ-दहा कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, होते. त्यातल्या एका मावशींना विचारलं की चित्र काढतोय, चालेल का, तर म्हणाल्या "काढा की, पण आमाला उभं ऱ्हायला सांगू नका." तर ती वाकलेलीच काढलीत. चेहरे नाहीत, प्रत्येकाला तीन-चार ठिपके, पाठीचा बाक आणि डोक्याला गुंडाळलेलं फडकं. एकीचा शर्ट जरा गडद केलाय, खांद्यापर्यंत.

चहाटळ | सोमवार, रात्री ११:२०

पहिलं वाक्य आवडलं, शेवटचं चित्र आवडलं. वाचनखूण साठवली.

कोरडा_ब्रश | मंगळवार, सकाळी १०:१०

हे चित्र आहे! आधीचं पोस्टकार्ड होतं. डाव्या बाजूच्या झाडाची कड फार कडक झालीय, ती ओल्या ब्रशने जरा मोडा, नजर तिकडेच जाते. राख राहू द्या.

तिरपं_ऊन | मंगळवार, सकाळी १०:४०

सावल्या आता बघणाऱ्याकडेच आल्यात, पहिल्यासारख्याच. आणि आता बरोबर आहेत. मिश्कीलपणे म्हणतोय, पण तुम्हाला तेच हवं होतं पहिल्यापासून, नुसतं मागे वळायचं होतं. निळा थोडा कमी चालला असता. आपल्याकडच्या सावलीत मातीचा तांबूसपणा उतरतो, इतकी निळी सावली बर्फावर शोभते. तो ट्युटोरियलचा हात अजून गेलेला नाही.

बर्फात_वऱ्हाडी | मंगळवार, रात्री ९:३०

मी इकडे उणे चौदामध्ये बसलो आहे आणि ते चित्र बघून मला गार वाटून राहिलं. म्हशीची वाट एक नंबर.

कोयत्याची_लेक | मंगळवार, रात्री ११:४५

आईला दाखवलं. आता तिला बारीक दिसत नाही, मोबाइल डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "गाडी कुठंय? मोळ्या बांधून ठिवल्यात, भरायच्या कशात?"

ओला_कागद | बुधवार, सकाळी ८:५०

ताई, गाडी झाडामागे आहे हो, खरंच, बैलांची शिंगं दिसतायत बघा फक्त! काकूंना सांगा.

आणि आमच्याकडचा निकाल ऐका. चित्र काल गुऱ्हाळातल्या गुळव्या मामांना (गूळ तेच करतात) व्हॉट्सअॅप केलं. मला वाटलं तुऱ्यांचं कौतुक करतील, उजेडाचं करतील. त्यांचा मेसेज आला, "धूर लई पांढरा दावलायस. जाळ नीट लागला न्हाई त्या दिवशी, चिपाड वलं हुतं." बस, एवढंच. (चिपाड म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, तेच जळण.)

आता प्रश्न पडलाय, धुरावर एक हात पातळ करडा फिरवू का?

तिरपं_ऊन | बुधवार, सकाळी ९:०५

चिपाड होतं का ओलं?

ओला_कागद | बुधवार, सकाळी ९:१२

होतं. रात्रभर उघड्यावरच पडलेलं, वर दव.

तिरपं_ऊन | बुधवार, सकाळी ९:१४

मग हात लावू नका.